एकोणसत्तर विजय

[कोलिझियम स्टेशनबाहेरचा पादचारी पूल. सकाळचं ऊन. सगळी माणसं एकाच दिशेने चाललेली.]

हा पूल नीट बघून घ्या. कोलिझियम स्टेशनातून बाहेर पडलं की हा लागतो आणि सरळ स्टेडियमच्या दारात नेऊन सोडतो. दोन्ही अंगांना तारेची जाळी, खाली रेल्वेचे रूळ. जाळीला पाठ लावून विक्रेते बसलेत. तव्यावर बेकन गुंडाळलेले हॉट डॉग चरचरतायत, शेजारी कांदा आणि सिमला मिरची परतली जातेय. खारे शेंगदाणे, पाण्याच्या बाटल्या, हिरव्या-सोनेरी टोप्या. आत हेच सगळं कितीतरी महाग मिळतं, म्हणून जाणती माणसं इथूनच पिशवी भरून घेतात.

तारीख २६ सप्टेंबर २०२४, वार गुरुवार. ओकलंड ॲथलेटिक्स हा कॅलिफोर्नियातला बेसबॉल संघ, इथल्या लोकांच्या तोंडी नुसतं ‘एज’, आज या मैदानावर शेवटचा सामना खेळणार आहे आणि मग शहर सोडणार आहे. १९६८ पासून आजवर सत्तावन्न हंगाम.

मी फ्रीमॉंटला राहतो. बार्टने, म्हणजे इथल्या लोकल गाडीने, इथून सहावं स्टेशन. २००२ साली सांगलीहून इकडे आलो तेव्हा बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. आम्ही चौघे एका अपार्टमेंटमध्ये राहायचो, आणि त्या उन्हाळ्यात हा संघ जिंकायचं थांबेचना. लागोपाठ वीस सामने. विसाव्या सामन्यात कॅन्सस सिटीविरुद्ध ११-० अशी आघाडी घेतली, मग ती सगळी घालवली, ११-११ झालं, आणि शेवटच्या डावात स्कॉट हॅटबर्गने चेंडू थेट मैदानाबाहेर मारला. याला होमरन म्हणतात. खेळाचे नियम मला त्यानंतर कळले. संघ आधी आपला झाला होता.

[रिकाम्या हिरव्या खुर्च्या. कॅमेरा हळूहळू फिरत वरच्या मजल्यापर्यंत.]

या संघाबद्दल एक वाक्य इतक्या वेळा बोललं गेलंय की ते खरं वाटायला लागलंय: लोक येत नव्हते, म्हणून संघ गेला. मला ते मान्य नाही. या हंगामात मी कॅमेरा घेऊन पुन्हा पुन्हा इथे आलो ते त्यासाठीच. आणि दुसरंही एक कारण होतं. निरोपाच्या गडबडीत या पोरांनी किती चांगला खेळ केला, हे कुणी मोजलंच नाही.

[स्टेडियम बाहेरून. काँक्रीटची गोल भिंत. पार्किंगमध्ये एकही गाडी नाही.]

आधी ही वास्तू. १९६६ मध्ये उघडली. बाहेरून बुटकी दिसते, कारण निम्मं स्टेडियम जमिनीत आहे. मैदान समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २१ फूट खाली. त्यामुळे सांडपाण्याचे पाइप तुंबले की घाण खेळाडूंच्या ड्रेसिंग रूममध्ये वर यायची; २०१३ मध्ये तर दोन्ही संघांना दुसरीकडे जाऊन अंघोळी कराव्या लागल्या. अमेरिकेतले पत्रकार या स्टेडियमवर हसायचे. हसण्यासारखं होतं, नाही म्हणत नाही. पण या कडेच्या मोकळ्या जागा बघा. खेळाच्या सीमारेषांच्या बाहेर एवढी ऐसपैस जागा बड्या लीगच्या दुसऱ्या कुठल्या मैदानात नव्हती. जिथे दुसरीकडे चेंडू प्रेक्षकांत पडला असता, तिथे इथे क्षेत्ररक्षक धावत येऊन झेल घ्यायचा. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी मंडळी, या मैदानावर खूश असायची ती काही उगाच नव्हे.

[मध्यभागातून दिसणारी उंच काँक्रीट भिंत, ‘माउंट डेव्हिस’. कॅमेरा तिच्या कडेवर थांबतो.]

ही भिंत मात्र कुणालाच आवडली नाही. पूर्वी इथे बसलं की समोर ओकलंडच्या टेकड्या दिसायच्या. जुन्या फोटोंत दिसतात, संध्याकाळी सोनेरी झालेल्या. १९९५ मध्ये रेडर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ परत यावा म्हणून शहराने हा अवाढव्य मजला बांधायला घेतला आणि टेकड्या गेल्या. रेडर्सचे मालक अल डेव्हिस, म्हणून लोकांनी या भिंतीला नाव दिलं माउंट डेव्हिस. पुढे रेडर्सही गेले, २०२० मध्ये लास व्हेगासला. त्याच्या आदल्या वर्षी बास्केटबॉलचे वॉरियर्स खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत गेले. भिंत राहिली.

आणखी एक गोष्ट इथली, जी आपल्या ओळखीची आहे. वानखेडेवर लोक ओळीओळीने उठून हात वर करतात, लाट फिरते, आपण तिला मेक्सिकन वेव्ह म्हणतो. कॅमेऱ्यावर नोंदली गेलेली पहिली मोठी लाट याच स्टेडियममध्ये उठली, १५ ऑक्टोबर १९८१ रोजी, यांकीजविरुद्धच्या सामन्यात. क्रेझी जॉर्ज नावाचा एक चिअरलीडर ढोल बडवत एकेका विभागाला उठवत होता. पहिल्यांदा लाट अर्ध्यातच विरली. त्याने पुन्हा सुरू केली. मग ती फिरली.

[स्टॉम्पर हा हत्ती मुलांसोबत फोटो काढून घेताना.]

हा स्टॉम्पर. संघाचं चिन्ह हत्ती का? संघ मूळचा फिलाडेल्फियाचा, १९०१ चा. १९०२ मध्ये जॉन मॅग्रॉ नावाच्या प्रतिस्पर्धी मॅनेजरने टोमणा मारला, मालकाने पांढरा हत्ती पोसायला घेतलाय. आपल्याकडे म्हणतात अगदी त्याच अर्थाने. फिलाडेल्फियाचे मॅनेजर कॉनी मॅक यांनी तो टोमणाच उचलला आणि हत्ती संघाच्या अंगावर चढवला. फिलाडेल्फियाहून हत्ती १९५५ ला कॅन्सस सिटीला गेला, तिथून ओकलंडला. इथे त्याला खरे दिवस आले. १९७२, ७३, ७४ असं सलग तीनदा विजेतेपद, मग १९८९ मध्ये एकदा.

[नकाशा. एकेक ठिकाण उजळत जातं.]

आता ‘लोक येत नव्हते’ याकडे येऊ. १९९० मध्ये या कोलिझियममध्ये हंगामभरात २९ लाखांवर प्रेक्षक आले. तेव्हा मालक होते वॉल्टर हास, खाडीकाठचेच. त्यांच्या मनाचा मोठेपणा एवढा की शेजारच्या जायंट्स संघाला सॅन होजेच्या भागावर हक्क हवा होता, तो त्यांनी एक पैसा न घेता दिला. हे लक्षात ठेवा.

जॉन फिशर आणि त्यांचे भागीदार लू वुल्फ यांनी २००५ मध्ये संघ विकत घेतला. नवं स्टेडियम हवं, ही मागणी रास्तच होती. २००६ मध्ये जाहीर झालं, संघ फ्रीमॉंटला जाणार. माझ्या गावात! मी तेव्हा किती उड्या मारल्या असतील. ओकलंडच्या लोकांचं काय, हा विचार तेव्हा मनात आला नाही, आणि त्याची मला आजही खंत आहे. २००९ मध्ये तो बेत गुंडाळला. मग सॅन होजे. तिथे जायंट्सनी तोच हक्क पुढे केला, जो हास यांनी त्यांना फुकट दिला होता. सॅन होजे शहर कोर्टात गेलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं, २०१५ मध्ये न्यायालयाने ऐकायलाच नकार दिला. मग २०१७ मध्ये ओकलंडमधलं लेनी कॉलेजजवळचं ठिकाण जाहीर झालं. कॉलेजच्या मंडळाने काही महिन्यांतच चर्चा थांबवली. संघाचं घोषवाक्य त्या दिवसांत होतं ‘रूटेड इन ओकलंड’. मुळं ओकलंडमध्ये.

[बंदर. घोड्यांसारख्या दिसणाऱ्या उंच क्रेन. कंटेनरची जहाजं. बराच वेळ.]

आणि मग हे, हॉवर्ड टर्मिनल. बंदराला लागून, पाण्याच्या काठावर. २०१८ मध्ये आराखडा आला: ३५ हजार खुर्च्या, सोबत घरं, हॉटेल, दुकानं, सगळा मिळून सुमारे १२ अब्ज डॉलरचा प्रकल्प. या क्रेनखाली बसून सामना बघायचा. या जागेवर मी कितीदा उभा राहिलोय याची गणती नाही. पर्यावरणाची परवानगी झाली, शहर परिषदेत मतदान झालं, कोर्टातले अडथळे पार झाले. साडेचार वर्षं माणसं त्यावर राबली. एप्रिल २०२३ मध्ये बातमी आली की संघाने लास व्हेगासमध्ये जमिनीचा करार केला.

त्याच काळात मैदानावर काय चाललं होतं ते बघा. २०१८ मध्ये ९७ विजय. २०१९ मध्ये पुन्हा ९७. त्या वर्षी ऑक्टोबरात टॅम्पा बेविरुद्ध एकाच सामन्यावर सगळं ठरणार होतं, तेव्हा ५४,००५ माणसं या जुन्या, तुंबणाऱ्या स्टेडियममध्ये आली. माउंट डेव्हिसवरचं ताडपत्रीचं आच्छादनसुद्धा काढावं लागलं. २०२१ मध्ये ८६ विजय. त्यानंतर मॅट ओल्सन अटलांटाला गेला, मॅट चॅपमन टोरांटोला, ख्रिस बॅसिट न्यूयॉर्कला, शॉन मनाया सॅन डिएगोला, आणि २०२२ संपायच्या आत फ्रँकी मोंटास आणि शॉन मर्फीही. घर आवरताना भांडी वाटावीत तसे वाटले. त्याच सुमारास सीझन तिकिटांचे दर वाढवले. २०२२ मध्ये संघ १०२ सामने हरला, २०२३ मध्ये ११२.

स्वयंपाकघर बंद करायचं, ताटाचे पैसे वाढवायचे, आणि मग म्हणायचं, बघा, पंगतीला कुणी येत नाही.

[१३ जून २०२३. हिरव्या टी-शर्टांचा समुद्र. छातीवर एकच शब्द: ‘सेल’. आवाज पूर्ण.]

मे महिन्यातल्या एका रात्री इथे २,०६४ माणसं होती. त्यानंतर महिनाभरातच, १३ जूनला, हे दृश्य. २७,७५९. चाहत्यांनीच ठरवलं होतं, बहिष्कार उलटा करायचा: सगळ्यांनी एकाच दिवशी यायचं. टी-शर्ट वर्गणी काढून छापले. पाचव्या डावाच्या सुरुवातीला, पहिला बॅटर आला तेव्हा, सगळं स्टेडियम गप्प बसलं. ऐका.

[नऊ सेकंद शांतता. मग घोषणा.]

‘सेल द टीम’. संघ विका. आपल्याच संघाच्या मालकाला, आपल्याच घरात. सामना २-१ असा जिंकला. सलग सातवा विजय होता तो. त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने लास व्हेगासच्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतच्या सरकारी मदतीचं विधेयक मंजूर केलं. नोव्हेंबरमध्ये बाकी मालकांनी स्थलांतराला एकमताने होकार दिला.

[२८ मार्च २०२४. संध्याकाळ. पार्किंगमध्ये झेंडे, शेगड्या, मुलं चेंडू झेलतायत. मागे स्टेडियमचे दिवे.]

आता हंगाम. पहिला सामना क्लीव्हलंडविरुद्ध. हे जे लोक दिसतायत, त्यांतले पुष्कळ आत गेलेच नाहीत. बाहेरच जेवले, गायले, ढोल वाजवले. मी आत गेलो आणि ८-० असा पराभव बघितला. बाहेर थांबलो असतो तर बरं, असं वाटलं नाही. मला ही पोरं बघायची होती.

कारण यांतल्या कुणीच लास व्हेगास निवडलं नव्हतं. एकेकाचा प्रवास बघा. ब्रेंट रूकर: तीन संघांनी सोडलेला, कॅन्सस सिटीने नको म्हटल्यावर इथे आलेला. या हंगामात ३९ होमरन, ११२ धावांना हातभार. माझ्या मते वर्षाचा सर्वांत चांगला खेळाडू हाच, आणि ऑल-स्टार संघात, म्हणजे हंगामाच्या मध्यावर निवडल्या जाणाऱ्या उत्तम खेळाडूंच्या संघात, त्याला घेतलं नाही हे चुकलंच. शेया लँगेलिअर्स, कॅचर, ओल्सनच्या बदल्यात अटलांटाहून आला: २९ होमरन. जेजे ब्लेडे: २० होमरन आणि ४३ डबल, उजवीकडच्या कोपऱ्यात चेंडू घुसवून दुसऱ्या बेसवर उभं राहणं ही त्याची खासियत.

[लॉरेन्स बटलर सरावात. बॅट फिरवतो, हसतो.]

आणि हा लॉरेन्स बटलर. माझा लाडका, लपवत नाही. मे महिन्यात बॅटिंगची सरासरी ०.२०० च्याही खाली होती, म्हणजे पाच प्रयत्नांत एक फटकाही लागत नव्हता, म्हणून त्याला दुय्यम संघात पाठवलं. जूनमध्ये परतला तो वेगळाच होऊन. १४ जुलैला फिलाडेल्फियात, त्या वर्षीच्या सर्वांत तगड्या संघांपैकी एकाविरुद्ध, एकाच सामन्यात तीन होमरन. संघाचे मिळून आठ, आणि निकाल १८-३. हंगाम संपला तेव्हा त्याचे २२ होमरन होते.

[मेसन मिलर बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांच्या जागेतून, धावत येतो. प्रेक्षक उभे राहतात.]

याच्यासाठी मात्र सगळे उठायचे, मग ते चार हजार असोत की चाळीस. मेसन मिलर, क्लोजर. म्हणजे आघाडी सांभाळायला शेवटी येणारा पिचर. त्याच्या वेगवान चेंडूचा सरासरी वेगच ताशी १०० मैलांच्या पुढे. आपल्या हिशेबात १६१ किलोमीटरच्या वर. शोएब अख्तरने २००३ च्या विश्वचषकात टाकलेला तो एक चेंडू आठवा. हा पोरगा सरासरीच तशी ठेवतो. पहिल्याच पूर्ण हंगामात २८ सेव्ह, म्हणजे २८ वेळा आघाडी राखली.

मॅनेजर मार्क कॉत्से याच मैदानावर खेळलेला, २००४ ते २००७. त्याचं श्रेय मोठं आहे. लीगमधल्या सर्वांत कमी पगाराचा संघ, डोक्यावर रोजचे प्रश्न, पुढच्या वर्षी घर कुठे याचा पत्ता एप्रिलपर्यंत नाही, आणि तरी ड्रेसिंग रूम फुटली नाही. पिचिंग मात्र कच्चं राहिलं, हे मान्य. सुरुवातीचे पिचर पाच डावांच्या पुढे टिकत नव्हते, आणि मे-जूनमधले कितीतरी सामने तिथेच गेले. ऑल-स्टार सुट्टीपर्यंत ३७ विजय, ६१ पराभव. त्यानंतर ३२ विजय, ३२ पराभव. बरोबरीत! ११२ पराभवांच्या वर्षानंतर, हंगामाच्या दुसऱ्या अर्ध्यात हा संघ कुणालाही तोडीस तोड होता. एकूण ६९ विजय. आदल्या वर्षीपेक्षा १९ जास्त. दुसऱ्या कुठल्याही शहरात यावर पोस्टर लागली असती.

[ऑगस्ट. रात्र. गार वारा. शाल पांघरून बसलेली आई, हातात शेंगदाणे. आसपास रिकाम्या खुर्च्या.]

ही माझी आई. सहा महिन्यांसाठी आली होती. ५ ऑगस्ट, शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध. ओकलंड ५-१ ने जिंकलं आणि शिकागोचा हा सलग एकविसावा पराभव. मी आनंदाने ओरडत होतो. आई समोरच्या हरलेल्या पोरांकडे बघत होती.

‘उद्या परत खेळायचंय यांना?’

‘हो आई, उद्या परत. वर्षाला १६२ सामने असतात.’

‘अरे देवा. मग जिंकू देत की एखादा.’

दुसऱ्या दिवशी शिकागो जिंकलं. आईला कळवलं, तिला बरं वाटलं.

आईने मला त्या रात्री आणखी एक दाखवलं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्या ओळीतल्या काकू दर डावानंतर वही काढून एकेक नोंद हाताने लिहीत होत्या. चौकट, आकडा, खूण. कॅमेरा त्यांच्या वहीवर बराच वेळ आहे. त्यांना विचारूनच घेतलंय.

[२६ सप्टेंबर. खचाखच भरलेलं स्टेडियम. ऊन. उजव्या बाजूच्या बाकांवर ढोल आणि मोठे झेंडे.]

४६,८८९. आज भिंतीखेरीज कुठेही काँक्रीट दिसत नाही. राष्ट्रगीत गायला बॅरी झिटो, २००२ च्या त्या संघाचा पिचर. पहिला मानाचा चेंडू टाकायला डेव्ह स्टुअर्ट आणि रिकी हेंडरसन, दोघे ओकलंडमध्येच वाढलेले. रिकींनी कारकिर्दीत १,४०६ बेस चोरले, म्हणजे फटका नसताना धावून पुढचा बेस गाठला. तो आकडा कुणी गाठेल असं वाटत नाही. या मैदानाला नावही त्यांचंच. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते वारले.

सामना टेक्सास रेंजर्सशी. जेपी सिअर्सने सुरुवात केली, मिलरने शेवट. नवव्या डावात ३-२ अशी आघाडी.

[प्रेक्षक उभे. कुणीच बसलेलं नाही. कॅमेरा थोडा हलतोय.]

ट्रॅव्हिस जँकोव्स्कीने जमिनीलगत मारलं, चेंडू तिसऱ्या बेसकडे, मॅक्स शुमनच्या हातात. हा मॅक्स २०१८ च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत थेट विसाव्या फेरीत घेतलेला. या मैदानावरचा शेवटचा चेंडू त्याच्या हातात आला. त्याने तो पहिल्या बेसकडे फेकला.

[बाद. आवाज.]

कॉत्सेने मैदानात उभं राहून माइकवर लोकांचे आभार मानले आणि मग स्वतःच घोषणा सुरू केली: ‘लेट्स गो ओकलंड’.

[ग्राउंड्समन कुंपणाशी येऊन प्लास्टिकच्या पेल्यांत माती भरून देतात. हातच हात.]

पुढचं थोडक्यात. २०२५ पासून संघ वेस्ट सॅक्रामेंटोत, सुमारे १४ हजार प्रेक्षकांच्या मैदानावर खेळतो, नावापुढे कुठलंही शहर न लावता; लास व्हेगासचं स्टेडियम २०२८ साठी बांधलं जातंय. ओकलंडमध्ये रायमंडी पार्कवर चाहत्यांच्या पाठबळावर बॉलर्स नावाचा नवा छोटा संघ उभा राहिला आहे. पुलावरच्या विक्रेत्यांचे वर्षातले ८१ दिवस गेले.

ही माती माझ्या घरी आहे, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. आईनेच बरणी धुऊन दिली होती, सांगलीला परत जायच्या आधी.

[पूल. संध्याकाळ. माणसं आता उलट दिशेने चाललेली. विक्रेते तवे पुसतायत. काकू वही छातीशी धरून जिना चढतात. मागे उजव्या बाकांवरून ढोल अजून ऐकू येतात. इथून शेवटपर्यंत निवेदन नाही.]